फ्रिज हॉलमध्ये, पाटा आत

आमच्या घरी सध्या रात्रीची जेवणं झाली की एक खेळ चालतो. यूट्यूबवर दूरदर्शनची एखादी जुनी विनोदी मालिका लावायची आणि पडद्यावर दिसतील ती घरातली जुनी यंत्रं ओळखायची. फ्रिज दिसला की एक गुण, डायल फिरवायचा फोन दिसला की एक, मिक्सर दिसला तर दोन आणि शटरचा टीव्ही दिसला तर तीन. कथानकाकडे कोणाचं फारसं लक्ष नसतं. खेळ काढला माझ्या चौथीतल्या मुलीनं, पण सगळ्यात जास्त गुण तिच्या आजीचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे. त्यांना फ्रिजची नुसती कड दिसली तरी पुरते.

"तो बघ, एका दाराचा, गोल कोपऱ्यांचा. मूठ केवढी दणकट! तिथंच किल्लीचं भोक असायचं."

मुलगी डोळे विस्फारते. फ्रिजला कुलूप?

"हो तर! सायीचं पातेलं आत, आणि दुपारी घरात चार पोरं. कुलूप नको?"

या खेळाचं बीज पडलं २०२० च्या टाळेबंदीत. दूरदर्शननं तेव्हा 'श्रीमान श्रीमती', 'देख भाई देख', 'सर्कस' अशा जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या होत्या. धुण्याभांड्याच्या मावशी येत नव्हत्या. मी सिंकपाशी उभी, एक डोळा भांड्यांवर आणि एक बाहेर टीव्हीवर. अशा वेळी विनोद अर्धाच ऐकू येतो, म्हणून माझं लक्ष नटांच्या पाठीमागच्या वस्तूंकडे जायला लागलं. अरे, हा तर आमच्या माहेरचा फ्रिज! हा तर मामांकडचा फोन! तेव्हापासून ती खोडच लागली.

जरा नीट बघायला लागलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी, की आपल्या जुन्या मालिकांत स्वयंपाकघर फार कमी दिसतं. १९८४ मध्ये आलेली 'ये जो है जिंदगी' आठवा. शफी इनामदार आणि स्वरूप संपत यांचा संसार, घरात ठाण मांडून बसलेला राकेश बेदी आणि दर भागात नवं सोंग घेऊन येणारे सतीश शहा. सगळी धमाल बहुतेक दिवाणखान्यातच. चहा 'आतून' येतो. ट्रे दिसतो, कप दिसतात, पण तो कशावर उकळला, भांडं कोणी विसळलं, ते 'आत' राहतं. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेली आणि कुंदन शहा यांनी दिग्दर्शित केलेली 'वागले की दुनिया' (१९८८) इतकी आपल्या घरासारखी वाटली, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर तर शेजारचेच वाटायचे; पण तिथेही आपण पाहुण्यासारखे बाहेरच्या खोलीतच जास्त बसतो.

मुलगी तक्रार करते, "आजी, मिक्सर दिसतच नाही." सासूबाईंनी त्यावर नवा नियम काढला. "दिसत नाही म्हणून काय झालं? कुकरची शिट्टी ऐकू आली ना? टाक माझे दोन गुण." तेव्हापासून ऐकू आलेल्या यंत्राचेही गुण धरतो. शिट्टी कोणत्या कुकरची हे ओळखता येतं असाही त्यांचा दावा आहे, पण तो मी मान्य केलेला नाही. झाकण दिसलं तर मात्र ओळखता येतं. झाकण आतून बसणारा तो हॉकिन्स, बाहेरून बसणारा तो प्रेस्टिज. ही दोन्ही घराणी १९५९ च्या सुमारासची, आणि आपल्या आयाआज्यांची दोन पंथांत विभागणी त्यांनीच केली.

(सासूबाईंना खरं तर 'चिमणराव' बघायची असते. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचं नाव काढलं की त्या आठवणीतूनच गुण मागतात. त्या मालिकेची गंमत अशी, की ती मुंबई दूरदर्शनवर आली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि चि. वि. जोश्यांच्या कथा मात्र स्वातंत्र्यापूर्वीच्या. म्हणजे त्या घरातल्या वस्तू ती लागत होती तेव्हाच जुन्या झाल्या होत्या.)

आता फ्रिज. तो जुन्या मालिकांत पुष्कळदा हॉलमध्ये किंवा जेवणाच्या टेबलाशी, आल्यागेल्याला दिसेल असा का उभा असतो? मुलीला हे फार विनोदी वाटतं. पण आपल्यापैकी कितीजणींच्या माहेरी तो तसाच होता, सांगा बरं! गोदरेजनं जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्यानं भारतात फ्रिज बनवला तो १९५८ मध्ये, तरी मध्यमवर्गीय घरांत तो यायला पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली. आमच्या सासरी आला १९८६ मध्ये. तेव्हा बिऱ्हाड पंचवटीतल्या वाड्यात, दोन खोल्यांचं. सासरे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला. फ्रिज बाहेरच्या खोलीत ठेवला त्याला कारणं होती. आत स्टोव्हची काजळी, जागा नाही, आणि जाड तीन पिनांचा प्लग बाहेरच. शेजारी स्टॅबिलायझर, वर सासूबाईंनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल आणि त्यावर प्लास्टिकच्या फुलांची परडी.

"ही झाली सांगायची कारणं," सासूबाई म्हणतात. "खरं कारण म्हणजे दार उघडलं की वाड्यातल्यांना दिसायला हवा होता. एवढे पैसे घातले होते!"

वाड्यातल्या सगळ्यांचं त्यात काही ना काही असायचं. कोणाचं औषध, कोणाचा गजरा, उन्हाळ्यात पाहुणे आले की बर्फाचा ट्रे. शटरच्या टीव्हीचंही तेच. रविवारी संध्याकाळी खोली भरून माणसं जमिनीवर बसलेली, आणि सिनेमा संपला की घरधनी शटर ओढून कुलूप लावणार.

आणि मिक्सर? तो फ्रिजच्या आधी आला होता, १९८३ मध्ये, सासूबाईंच्या भिशीच्या पैशांतून. त्याची गोष्ट त्यांनी मला लग्नाला बारा वर्षं झाली तरी सांगितली नव्हती. या खेळामुळे कळली. एका मालिकेत मागच्या फळीवर पांढरं धूड दिसलं, आम्ही सगळे ओरडलो, आणि सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. दोन गुण सोडून दिले!

त्या काळी सुमीत मिक्सरचं मोठं अप्रूप. मुंबईचे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांचा परदेशी मिक्सर बिघडला आणि त्यातून हा देशी मिक्सर जन्माला आला, ही हकिगत पुष्कळांना ठाऊक असेल. परदेशातलं ते यंत्र फळांचा रस, सूप असल्या मऊ कामांसाठी. आपण त्यात घालणार सुकं खोबरं, भिजवलेली डाळ, हळकुंडं! त्याला मोटार दणकट लागते आणि पातीही वेगळी. (२०२१ मध्ये 'वागले की दुनिया' नव्या रूपात आली तेव्हा पुढच्या पिढीच्या वागल्यांचं काम करणारे निघाले सुमीत राघवन. सासूबाई म्हणाल्या, "सापडला बाई एकदाचा वागल्यांच्या घरातला सुमीत!")

तर तो मिक्सर घरी आला आणि त्यांच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आजेसासूबाईंनी, जाहीर केलं की यातल्या चटणीला मोटारीचा वास येतो. सासरे म्हणाले, चार माणसांच्या चटणीला यंत्र कशाला? झालं. मिक्सर खोक्यातून निघाला तो शोकेसच्या फळीवर गेला. त्याला शिवलेलं कव्हर. पाहुणे आले की काढायचा, मिल्कशेक करायचा, पुसून परत ठेवायचा. रोजचं वाटण, पुरण, उडदाची डाळ, सगळं पाट्यावर. असं चार वर्षं चाललं. घरच्यांसाठी पाटा आणि पाहुण्यांसाठी मिक्सर.

"तुझं लग्न झाल्यापासून बघतेस ना माझं मनगट?" एवढंच त्या म्हणाल्या. थंडीत त्यांना कपबशीसुद्धा दोन्ही हातांनी धरावी लागते.

आणखी एक वस्तू या खेळात कधीच गुण मिळवत नाही. ती म्हणजे पंपाचा स्टोव्ह. मालिकांतल्या घरांत तो दिसत नाही, दिसला तर नुकत्याच शहरात आलेल्या कोणा गरिबाच्या खोलीत. खऱ्या घरांत तेव्हा गॅसचा नंबर लागायला वर्षंच्या वर्षं जात होती. स्टोव्ह, त्याची पिन, रॉकेलची रांग हेच रोजचं होतं. आणि वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी, 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू'. तो भडका नेहमी सुनेच्याच साडीला कसा लागतो, हे बायका आपापसांत विचारायच्या. मोर्चे निघाले, १९८३ मध्ये ४९८-अ हे कलम आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं. वाड्यात पलीकडच्या बिऱ्हाडातली एक मुलगी अशीच गेली, असं सासूबाईंनी सांगितलं. खेळ त्या दिवशी तिथेच थांबवला. विनोदी मालिकेत स्टोव्ह का नाही ठेवत, हे मला तेव्हा समजलं.

मुलीला मध्ये काही दिवस आपल्या मालिकांचा कंटाळा आला, म्हणून मी तिला माझ्या लहानपणीचं कार्टून दाखवलं, 'फ्लिंटस्टोन्स'. १९६० चं आहे, अश्मयुगातल्या कुटुंबाचं. त्यात भांड्यांवर पाणी सोडायला मॅमथची सोंड, तबकडी वाजवायला पक्ष्याची चोच, सिंकखाली खरकटं खाणारा प्राणी. यंत्राच्या जागी जनावर! आणि ते जनावर मध्येच आपल्याकडे वळून कामाबद्दल कुरकुरतं. एवढ्या मालिका पाहिल्या, पण घरकामाचा कंटाळा आलाय असं उघड सांगणारं दुसरं कोणी मला आढळलं नाही.

तिथून आम्ही अमेरिकेच्या जुन्या मालिकांकडे वळलो. भाषा सगळी कळत नाही, पण खेळाला भाषा कशाला हवी? तिकडची तऱ्हा आपल्या अगदी उलट. तिथे स्वयंपाकघर भर पडद्यावर. 'द हनीमूनर्स' (१९५५) मधल्या बसचालकाच्या घरात तर एकच खोली दिसते, त्यात टेबल, सिंक, शेगडी आणि बर्फाची लादी ठेवायची जुनी पेटी. अमेरिकेत घरोघरी फ्रिज असताना या बाईकडे बर्फाची पेटी! पहिल्याच भागात ती नवऱ्याशी टीव्हीवरून भांडते, कारण तो दिवसभर बाहेर असतो आणि तिला त्याच चार भिंती आणि ती पेटी बघत बसावं लागतं. शेवटी नवरा शेजाऱ्याबरोबर भागीत टीव्ही आणतो, आणि बघत कोण बसतं? ते दोघे पुरुष. दुसऱ्या एका भागात हेच दोघे टीव्हीवर स्वयंपाकघरातलं एक 'सब कुछ' अवजार विकायला उभे राहतात आणि त्यांना ते धड वापरताही येत नाही. सासूबाई इतक्या हसल्या की ठसका लागला.

पण आमच्या घरात खरी खळबळ केली ती 'आय लव्ह लूसी'नं. १९५२ मधला एक भाग. लूसी आणि तिची शेजारीण हिशेब मांडतात की लग्न झाल्यापासून आपण किती भांडी घासली, आणि नवऱ्यांकडे डिशवॉशर मागतात. नवरे म्हणतात, आमच्या आज्या कुठे यंत्रं वापरायच्या? पैज लागते, १९०० सालानंतर निघालेलं काहीही वापरायचं नाही. मग लूसी घरी पाव भाजायला घेते, यीस्ट घालते भरमसाट, आणि भट्टीचं दार उघडताच आतून पावाची भली लांब तुळई बाहेर येते ती येतच राहते आणि तिला पलीकडच्या भिंतीशी दाबते. मुलगी लोळायला लागली.

मी मात्र हसता हसता ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले. कारण डिशवॉशरचा विषय आमच्याकडे दोन वर्षं चालू आहे. टाळेबंदीत पुष्कळ घरांत तो आला, आमच्याकडे आला नाही. सकाळची शाळा करून मी दीडला घरी येते तेव्हा सिंक भरलेलं असतं. मावशी गावाला गेल्या की रात्रीचंही त्यात. हे म्हणतात, "चौघांची भांडी. त्याला यंत्र कशाला?" सासूबाईही म्हणायच्या, "कढई निघते का त्यात? आणि पाणी किती लागेल!" हे प्रश्न काही चुकीचे नाहीत. मी चौकशी केली. करपलेली कढई आधी भिजवून खरवडावी लागते, लोखंडी तवा आणि लाकडी पोळपाट त्यात घालायचे नाहीत, पण ताटं, वाट्या, पेले, कुकरची भांडी छान निघतात. आणि भरून लावलं तर पाणी वाहत्या नळापेक्षा कमीच लागतं. हे सगळं मी सांगितलंही होतं. पण 'कशाला' या शब्दापुढे माहिती काय करणार?

गंमत अशी, की गेल्या दिवाळीत पंचावन्न इंची टीव्ही आमच्याकडे एका संध्याकाळीत आला. मेनरोडला कंदील आणायला म्हणून गेलो आणि टीव्ही ठरवून आलो. तेव्हा कोणी कशाला म्हटलं नाही, मीही नाही. त्याच टीव्हीवर हा खेळ खेळताना माझ्या लक्षात आलं की पडद्यावरही अगदी हाच क्रम आहे. रेडिओ, टीव्ही, फोन, फ्रिज हे सगळ्यांचे, म्हणून ते दिवाणखान्यात, झटक्यात. जे यंत्र घरातल्या एकाच माणसाचे हात सोडवतं, ते मागे, फळीवर, कव्हरात. भांडी घासायचं यंत्र तर किती जुनं! जोसेफिन कॉक्रेन नावाच्या अमेरिकन बाईनं त्याचं पेटंट १८८६ मध्ये घेतलं आणि १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात ते मांडलं. होय, विवेकानंदांचं भाषण झालं ती धर्मपरिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरली होती. भाषण आपल्यापर्यंत पोचलं.

लूसीचाच आणखी एक भाग आहे, त्याच वर्षीचा. त्यात ती खोलीएवढ्या मोठ्या फ्रीझरमध्ये अडकते आणि भुवयांना बर्फ लागलेल्या अवस्थेत बाहेर येते. हसू येतं, पण ही गोष्ट जपून घेण्याची आहे. त्या काळच्या फ्रिजची दारं खिटीनं बसायची, आतून उघडत नसत, आणि टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपलेली मुलं दगावत. म्हणून अमेरिकेत १९५६ मध्ये कायदा झाला की दार आतून ढकलून उघडलंच पाहिजे. आपल्याकडे कोणाच्या माळ्यावर किंवा वाड्याच्या पडवीत असा मुठीचा, कुलपाचा फ्रिज पडून असेल, तर आधी त्याचं दार काढून ठेवा. आणि तो भंगारवाल्याला देताना नळ्या अंगणात कापू देऊ नका. जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ हा वायू असे. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो जगभर हळूहळू बंद होत गेला, आपल्याकडे २०१० पर्यंत. ई-कचरा रीतसर घेणाऱ्याकडेच तो द्यावा.

जुना मिक्सर मात्र टाकायची घाई नको. सासूबाईंचा १९८३ चा मिक्सर आम्ही या उन्हाळ्यात माळ्यावरून काढला. बटण लगेच दाबलं नाही. वायर ठिकठिकाणी तडकली होती ती बदलली, अर्थिंगची तिसरी पिन नीट जोडून घेतली. मोटारीतल्या कार्बनच्या कांड्या झिजल्या होत्या, त्या दुरुस्तीवाल्यानं पंधरा मिनिटांत घातल्या. एवढं करूनही तो मध्येच बंद पडला तर घाबरू नये. जास्त भार झाला की मिक्सर आपोआप थांबतो. पुष्कळ मिक्सरना तळाशी लाल बटण असतं, प्लग काढून, जरा थंड होऊ देऊन ते दाबलं की पुन्हा चालतो. आमचा चालला. आवाज विमानाचा, पण दाण्याचं कूट असं सुरेख झालं की नव्या मिक्सरनं लाजावं.

लूसीचा तो पावाचा भाग सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लावायला सांगितला. बघून झाल्यावर म्हणाल्या, "ह्यांनी मला चटणीबद्दल जे म्हटलं, तेच मी तुला भांड्यांबद्दल म्हणत होते, नाही का गं?" मी काही बोलले नाही. रात्री त्या ह्यांना म्हणाल्या, "माझ्या ठेवीचं व्याज येतंय पुढच्या महिन्यात. त्यातले निम्मे मी घालीन. उरलेले तू घाल." हे म्हणाले, "आई, अगं पण ठेवणार कुठे?"

प्रश्न खरा होता. रविवारी आम्ही टेप घेऊन बसलो. यंत्र साठ सेंटिमीटर रुंद. नळ जवळ हवा, सांडपाण्याचा पाइप हवा, जाड प्लग हवा. ओट्याखाली गॅसचं सिलेंडर आणि डबे, बाल्कनीत कपड्यांचं मशीन. सगळीकडे मापं घेतली. ते बसेल अशी स्वयंपाकघरात एकच जागा निघाली, सिंकच्या शेजारी, जिथे सध्या फ्रिज आहे.

"मग फ्रिज?" ह्यांनी विचारलं.

मुलगी टाळ्या वाजवत उठली. "हॉलमध्ये! मालिकेतल्यासारखा!"

सासूबाई आत गेल्या. कपाटातलं खालचं गाठोडं सोडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात क्रोशाचा तो जुना रुमाल होता, कडेनं जरा पिवळा पडलेला. फ्रिजपाशी उभं राहून, टाचा उंचावून, त्यांनी तो वर पसरला आणि म्हणाल्या, "दोन्ही बाजूंनी वीत-वीत कमी पडतोय. वाढवून घ्यावा लागेल."